गव्हाणीतली होडी

माझ्या बाला बेटावरून परत आणायचं, एवढंच आम्हाला करायचं होतं. त्यासाठी पूर आलेल्या वर्धा नदीचं अर्धं पात्र ओलांडायचं होतं, आणि आमच्याजवळ होती ती एकच होडी, जिच्यात गेली कित्येक वर्षं बैल कुटार खात होते!

सत्तावन्न सालचा श्रावण. आमचं गाव रोहण्याच्या पलीकडे, अगदी नदीकाठाला. पात्राच्या मधोमध एक बेट आणि त्यावर आमचं थोडं वावर. माझा बा, नानाजी, पिकातलं तण काढायला, डवरणीसाठी, बैलजोडी घेऊन गुडघाभर पाण्यातून तिकडे गेला आणि रात्री वरच्या अंगाला कुठेतरी तुफान पाऊस झाला. सकाळी नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. गुलाब नावाड्याचा डोंगा दावं तोडून गेला होता. तालुक्याला निरोप धाडावा, तर मधले नाले तुडुंब. बा बाभळीखाली बसलेला दिसत होता. शेजारी चांद्या आणि पवळ्या, दोन्ही बैल, बांधलेले. आणि बेट प्रत्येक वेळी पाहावं तेव्हा आधीपेक्षा लहान! माझी आई, देवकाबाई, फडक्यात भाकर बांधून काठावर बसली होती. ती गाठ तिने कोणाला हात लावू दिली नाही.

त्यात वारा. दक्षिणेकडून, प्रवाहाच्या उलट, असा झोडपत होता की काठावरच्या माणसांना धड उभं राहवेना.

होडी माझ्या तानबा काकाची. नदी मोजायला आलेल्या एका इंजिनिअर साहेबाने बदली झाल्यावर ती त्याला देऊन टाकली होती. साहेबाबरोबर आपण शीड लावून नदी कशी पालथी घातली, हे काका पारावर इतक्यांदा सांगत असे की ऐकणारेच त्याच्या आधी पुढचं सांगून टाकत. त्यामुळे सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आम्ही गोठ्यातून होडी ओढून काढली, कुटार झाडलं, एरवी कापसाच्या गंजीवर टाकायचं ते शीड धुऊन डोलकाठीला चढवलं. एक लांब फळीही होती. साहेब ती मधल्या खाचेतून खाली पाण्यात खोचत असे, पण कशासाठी ते काकाला ठाऊक नव्हतं. आम्हीही खोचली.

पुराचं पाणी मागे शिरून नाल्याचं तळं झालं होतं. तिथे आधी हात बसवून घ्यावा असं ठरलं. पाणी उपसायला मला पुढे बसवून काकाने एका हातात सुकाणू धरलं, दुसऱ्यात शिडाचा दोर. वाऱ्याचा झोत आला. होडी एका अंगाने उचलली गेली. बैल उधळले तर शेतकरी काय करतो, तेच काकाने केलं. दोर छातीशी ओढला. दात-ओठ खाऊन ओढला!

शीड पाण्याला टेकलं आणि आम्ही दोघंही नाल्यात पडलो.

पुन्हा बसलो. पुन्हा तेच. काकाला डावीकडे जायचं असलं की तो सुकाणूही डावीकडेच ओढी, आणि होडी हटकून उजवीकडे पळे. तिसऱ्यांदा गटांगळी खाऊन वर आल्यावर, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, तो हळूच म्हणाला, "सुलोचना, मले काही येत नाई. साहेब चालवे. मी त छत्री धरून बसू."

मला हसू यायला हवं होतं. पण संतापाने आणि भीतीने रडू आलं. सगळ्या गावाची आशा ज्याच्यावर, तो माणूस छत्री धरणारा निघाला!

"द्या अठी," मी म्हणाले.

मी कधी बैलगाडी हाकली नव्हती. आमच्यात बाईच्या हाती कासरा देतो कोण? पण म्हणूनच माझ्या हातांना ओढायची सवय नव्हती. होडी कलली की घाबरून माझा हात सुटायचा, दोर सैल पडायचा, शीड फडफडायचं आणि होडी आपोआप उठून उभी राहायची! पुन्हा दोर आवळला की ती पुढे धावायची. काका वाऱ्याच्या बाजूला, होडीच्या कडेवर बूड टेकून बसला की कलणं कमी होतं, हेही कळलं. एवढंच शिकले. एवढ्यावर कोणी पुरात उतरू नये. पण बेटाचा अर्धा भाग बुडाला होता.

आम्ही निघालो.

पाणी आम्हाला खाली ओढत होतं, वारा वर ढकलत होता, आणि दोघांच्या भांडणात लाटा उठत होत्या. उपटलेली झाडं अंगावर येत होती. काका तांब्याने पाणी उपसत होता. मी ठरवत होते त्यातलं काहीच होत नव्हतं. झोत आला, सोडला दोर! ओसरला, आवळला! शेवटी बाभळीच्या फांद्या डोक्यावर आल्या आणि काकाने त्यांना मिठी मारली, म्हणून आम्ही बेटाला लागलो.

बा उठला, पण होडीकडे आला नाही.

"यायले टाकून मी येत नाई," तो बैलांकडे हात करून म्हणाला.

काकाने त्याच्या हातापाया पडून पाहिलं. होडीत तिसरं माणूसच कसंबसं मावणार होतं, बैल कुठून! बाभळीच्या बुंध्याला पाणी लागलं होतं. पुरात उडी घेतील म्हणून बाने दोघांनाही पक्कं आवळून बांधलं होतं.

"बा," मी म्हणाले, "बांधून ठेवशीन त अठीच मरतीन. सोड त्यायले. निदान पोहतीन तरी."

त्याने गाठी सोडल्या. बैल हललेच नाहीत. तो त्यांना ढकलू लागला, मग त्याने जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर हात उगारला. तरी ते त्याच्याकडेच पाहत उभे. शेवटी कासरा खांद्यावर टाकून बा होडीत येऊन बसला आणि त्याने काठाकडे तोंड केलं.

परतताना होडी जड झाली. पाणी काठावरून आत येऊ लागलं. एक ओंडका सुकाणूवर आदळला आणि ते दोन्ही हातांनी धरल्याशिवाय मला आवरेना. काकाने तांब्या खाली ठेवला असता तर आम्ही बुडालो असतो. दोर बाच्या हाती देण्यावाचून इलाज नव्हता.

आणि तेव्हाच मोठा झोत आला!

होडी कलली. बाने दोर ओढला. मनगटाला वेढा घेऊन ओढला. शिडाचं टोक पाण्यात गेलं. काका घसरला. मी सोड, सोड म्हणत होते, पण बाचे डोळे मागे, बेटावर. त्याला काहीच ऐकू जात नव्हतं. माझे दोन्ही हात गुंतलेले. बापाच्या हातातला दोर मला सोडवता येत नव्हता! मी आयुष्यात इतकी लाचार कधी झाले नव्हते.

"बा," मी ओरडले नाही, रडतच म्हणाले, "बैलायले सोडलं ना तू. आता आमालेही सोड."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मनगटाचा वेढा उलगडला. दोर सर्रकन गेला! शीड फाटेल असं फडफडलं, आणि होडी पाणी गाळत उभी राहिली.

पुढे त्यानेच दोर धरला. झोत आला की सोडायचा, मग आवळायचा. किती खाली वाहत गेलो कोण जाणे, पण काठ लागला. आई धावत आली. तिने गाठ सोडून भिजलेली भाकर बाच्या हातावर ठेवली. त्याने ती खाल्ली नाही, नुसती धरून बसला. संध्याकाळी बेट दिसेनासं झालं. बैल जाताना कोणी पाहिले नाहीत.

पूर उतरल्यावर खालच्या एका गावाहून निरोप आला, की कोणाच्या तरी अंगणात एक अनोळखी बैल येऊन उभा आहे. बा एकटाच गेला. पवळ्याचं पुढेही काही कळलं नाही.

बा परत आला तेव्हा मी दारात होते. कासरा गुंडाळून त्याच्या खांद्यावर होता, आणि मागून चांद्या मोकळाच चालत येत होता.