अर्थ लागत नाही

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा गाडी ढकलत होता. एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा स्टिअरिंगवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर... आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी दुकानाचं शटर वर करत होते. खरं तर मला कुणाची फारशी दया येत नाही, सकाळी सकाळी तर मुळीच नाही. पण त्याने मागच्या टेम्पोवाल्याकडे वळून इतक्या मनापासून "माफ करा हं" म्हटलं, की टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हातच काढला. मी शटर अर्धवट सोडून गेले आणि गाडीला मागून खांदा लावला.

"काटा तर अर्ध्यावर आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"काट्याचं काय जातंय," मी म्हणाले.

टाकीत ठणठणाट होता. डॅशबोर्डवरचा काटा मात्र अर्धी टाकी भरल्याच्या थाटात उभा. गाडी आम्ही दुकानासमोर लावली, तो कॅन घेऊन पेट्रोल आणायला गेला, आणि परत आला तेव्हा सदरा भिजला होता. बाहेर भुरभुर सुरू झाली होती, हे मला तेव्हा कळलं.

गल्लीत मला ठिणगी म्हणतात. लहानपणी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर लोखंडी पाना ठेवून पाहिला होता, तेव्हापासून. गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि दुकान माझ्याकडे आलं. अप्पांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर मीच हलवते, दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नाही. त्यामुळे माझ्या आयुष्यात पुढे काय होणार, याचा विचार करणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. सोडलं की बरं वाटतं, असा माझा समज होता.

तो शब्दकोशाच्या ऑफिसात होता. म्हणजे नक्की काय करता, असं मी विचारलं, तर म्हणाला की शब्दांचे अर्थ लिहितो. आम्हीही अर्थच शोधतो, असं मी म्हटल्यावर त्याने चष्मा वर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं. मग मला समजावून सांगावं लागलं. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल उतरलं की तोही उतरतो, आणि एक तार ती बातमी काट्यापर्यंत नेते. दुसरी तार टाकीपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. करंट तिथून परत जातो. त्या तारेला आम्ही अर्थ म्हणतो.

"आणि तो नसला तर?"

"मग बाकी सगळं असून उपयोग नाही. काटा वाट्टेल ते दाखवतो."

तो हसला. एवढं मोकळं हसणारा माणूस आमच्या गल्लीत बऱ्याच दिवसांत आला नव्हता. म्हणाला, "ऑफिसात इतकी वर्षं हेच सांगतोय मी. पण इतकं सोपं करून नाही जमलं."

झालं. त्या क्षणी मी संपले. हे मी आता म्हणते. तेव्हा मी फक्त टेस्टर उचलला आणि मागची सीट काढायला लागले.

गाडी दुरुस्त करायची त्याला घाई होती, आणि का, तेही त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याचा मोठा भाऊ गेला होता. लांबच्या एका गावात वहिनी आणि छोटी पुतणी दोघीच उरल्या होत्या. तिथल्या शाळेत त्याने भाषेच्या शिक्षकाची जागा मिळवली होती आणि कायमचं तिकडे जायचं ठरवलं होतं. रस्ता लांबचा, मधे मैलोन् मैल पेट्रोल पंप नाही. तेव्हा काटा खरं बोलायला लागला की निघायचं. "वहिनीला शब्द दिलाय," तो म्हणाला. शब्दांतलाच माणूस, दिलेला शब्द काय मोडणार!

म्हणजे मी काम नीट केलं की तो जाणार होता. आणि नीट नाही केलं तर कुठेतरी माळरानावर टाकी कोरडी पडून अडकणार होता. चांगलीच कात्रीत सापडले होते मी, पण पहिल्या दिवशी मला त्याची गंमतच वाटली.

बिघाडही मोठा खट्याळ होता. मी सीटखालची तार सोडवली, काटा वर गेला. तार पत्र्याला टेकवली, काटा शून्यावर आला. म्हणजे काटा चांगला, तारही चांगली. फ्लोट बाहेर काढून मीटर लावला, गोळा हाताने वरखाली केला, आकडे शहाण्यासारखे बदलत गेले. सगळं जागेवर बसवलं तर काटा अगदी बरोबर दाखवायला लागला. गाडी बाहेर काढून दोन खड्डे ओलांडले, आणि स्वारी पुन्हा अर्ध्यावर.

मग तो रोज ऑफिस सुटल्यावर यायचा. गोदामांच्या मागे उखडलेला रस्ता होता, तिथे आम्ही गाडी हळूहळू न्यायचो. तो चालवायचा आणि मी काट्याकडे बघायची. निदान बघायला तरी हवं होतं. वायपर काचेवरचं पाणी ढकलत असायचा, आणि तो एखाद्या शब्दाबद्दल बोलत असायचा. एकदा म्हणाला, 'ओढ' हा शब्द लिहायला बसलो आणि दिवस गेला... माणूस नकळत कुणाकडे ओढला जातो, की ओढला जातोय हे त्याला आधीच ठाऊक असतं, हेच ठरेना.

"काय लिहिलंत मग?" मी विचारलं.

"काही नाही. कोरं सोडलंय." मग म्हणाला, "तुम्ही काट्याकडे बघताय ना?"

"बघतेय की."

"मग काटा इकडे आहे... माझ्याकडे नाही."

मी लाजले. माझ्यासारखी बाई, जिच्या नखांतलं ग्रीस रॉकेलनेही निघत नाही, ती चक्क लाजली. आणि घरी येऊन अप्पांना खुर्चीतून उचलताना मला रडू आलं, कारण ते नेहमीपेक्षा हलके लागले होते आणि तरी माझ्याच गळ्यात हात टाकून होते. ते मला सोडणार नव्हते. मीही त्यांना सोडू शकत नव्हते. आणि तिकडे एक वहिनी, एक लहान पोर. कुठून कुठे वाट निघत नव्हती. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, प्रत्येक वेळी त्याच भिंतीवर डोकं आपटलं.

अप्पांनी मला धंदा शिकवताना एकच गोष्ट घोकून घेतली होती: बिघाड कुठलाही असो, आधी अर्थ बघायचा. मी बघितला होता. टाकीची अर्थची तार डिकीतल्या सतरंजीखाली एका स्क्रूने पत्र्याला आवळली होती. स्क्रू चकचकीत, पत्रा नवा रंगवलेला. हात लावून पाहिला तर घट्ट होता. घट्ट आहे ना, मग ठीक, असं म्हणून मी पुढे गेले. त्याला मीटर लावला नाही. कुठल्याही वायरवाल्याने लावला असता, मी लावला नाही. मला घाई नव्हती.

शाळा उघडायची तारीख आली, आणि त्याच्या निघायच्या आदल्या दिवशी मात्र काम पुढे ढकलायला जागाच उरली नाही. दुपारीच तो आला. ऑफिसातून निरोप घेऊन आला होता, आणि हातात तिथल्या लोकांनी दिलेली एक छत्री होती. मी डिकीत अर्धी आत शिरले, सतरंजी उचलली आणि मीटरचं एक टोक बॅटरीला, एक त्या तारेला लावलं. तो माझ्यासाठी टॉर्च धरून उभा होता. मग एकदम बोलायला लागला, अडखळत, जणू शब्द पहिल्यांदाच वापरतोय...

"मी गेलोच नाही तर? म्हणजे... इथेच राहिलो. तुमच्यासाठी. तर त्याला काही अर्थ आहे का?"

त्याच क्षणी मीटरचा आकडा उडाला. तारेत आणि पत्र्यात जोडणीच नव्हती. कधीतरी गाडीला रंग देताना कुणीतरी स्क्रू थेट रंगावरच आवळला होता. रंगातून करंट जायचा कसा? धक्का बसला की कुठेतरी टेकायचं, पुन्हा सुटायचं.

"याला अर्थच नाही," मी म्हणाले.

त्याचा प्रश्न माझ्या कानात शिरला तेव्हा माझं उत्तर तोंडातून बाहेर पडलेलं होतं. मी डिकीतून डोकं बाहेर काढलं. तो टॉर्च तसाच धरून उभा होता, पण चेहरा पार उतरला होता.

"बरं," तो म्हणाला.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. अहो, मी तारेचं म्हणतेय. बस्स, एवढंच. आणि ते म्हटलं असतं तर त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागलं असतं. तो थांबला असता, मला पक्कं ठाऊक होतं. मग ती वहिनी रोज रस्त्याकडे बघत बसली असती, आणि त्याचं ते मोकळं हसणं हळूहळू बंद झालं असतं. मी पॉलिश पेपर घेतला आणि स्क्रूखालचा रंग खरवडायला लागले. खाली पांढरा स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत खरवडला. तार आवळली. त्याने टॉर्च शेवटपर्यंत हलू दिला नाही.

पंपावर आम्ही थोडंथोडं पेट्रोल भरून पाहिलं. जेवढं भरू तेवढाच काटा वर चढायचा, एक रेषाही इकडेतिकडे नाही. इतकं सुंदर काम मी आजवर केलं नव्हतं, आणि मला त्या काट्याचा इतका राग आला होता की काच फोडावीशी वाटली.

घरी अप्पांनी विचारलं, सापडलं का. जीभ जड झाल्यापासून ते मोजकंच बोलतात. मी म्हटलं, अर्थ कच्चा होता.

"अर्थ?" ते म्हणाले. "तुला इतके दिवस?"

मी मान खाली घातली. अप्पांनी उजव्या हाताने पलंगाची कड दोनदा थोपटली आणि म्हणाले, सांगून तरी ये.

सकाळी मी त्याच्या घरापाशी गेले. सामान गाडीत भरून झालं होतं. पुस्तकांच्या खोक्यांनी मागची काच झाकली होती. तो दाराला कुलूप लावत होता. मला बघून थांबला. वाटेत मी काय काय जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"काल मी तारेचं म्हणाले होते," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"टॉर्च माझ्याच हातात होता ना. दिसत होतं मला." त्याने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. "वाटलं, तू तसं सांगशील... वाट बघितली. पंपावरही बघितली. मग वाटलं, बोलली नाहीस तेच बरं. मला जायला काहीतरी कारण हवं होतं."

पहिल्यांदाच त्याने मला 'तू' म्हटलं, आणि तेही अशा वेळी. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. त्याच्या चष्म्यावर थेंब जमत होते आणि तो ते पुसत नव्हता.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. बास, एवढंच सांगायला आले होते."

त्याने माझा हात हातात घेतला. काळा, चरे पडलेला हात, त्याने दोन्ही हातांत धरला. "चल माझ्याबरोबर," तो इतक्या हळू म्हणाला की मी ऐकलं नाही असं दाखवता आलं असतं.

"अप्पा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग मी विचारलं, "थांबतोस?"

"वहिनी," तो म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो, कारण दुसरं काय करणार होतो. मग दोघांचंही हसू मधेच विरलं. तो गाडीत बसला. मी वाकून काटा बघितला, टाकी फुल होती आणि काटा फुलवर होता. वाटेत अर्ध्यावर आला की मिळेल त्या पंपावर भरून घे, मी त्याला सांगितलं. पोचल्यावर वहिनींच्या हातचं पोटभर जेव, हेही सांगितलं. तो हो म्हणाला. मग तो गेला, वळणावर गाडीचा लाल दिवा एकदा लागला आणि विझला.

दुकानाशी आले तर एक गिऱ्हाईक वाट बघत होतं. हॉर्न वाजत नाही म्हणालं. मी बघते म्हटलं, गाडीत आडवी झाले आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तिथे डोकं घातलं की बाहेरच्याला फक्त पाय दिसतात. गिऱ्हाईकाने विचारलं, किती वेळ लागेल? मी म्हटलं, आज जरा वेळ लागेल.