तळटिपेतले दोघे

फिजीतल्या सुवा शहराच्या विद्यापीठात, तिथल्या ग्रंथालयात, तुवालू या चिमुकल्या बेटदेशाच्या अर्थसंकल्पाची एकच प्रत होती, आणि सलानेताला ती हवी होती तेव्हा नेमकी खिडकीजवळच्या एका मुलाने अडवून ठेवली होती. बाहेर सकाळपासून पाऊस एका सुरात लागला होता.

"हा माझ्या देशाचा आहे," ती म्हणाली.

"मग बसा ना." त्याने शेजारची खुर्ची ओढली. "मला तुमचा देश समजत नाहीये."

तो बाउरो, किरिबाती या शेजारच्या बेटदेशाचा. दोघेही आपापल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेले, शेवटच्या सत्रात, आणि प्रकल्पाचा विषयही एकच: या दोन देशांचा शिक्षणावरचा सरकारी खर्च. प्राध्यापकांनी जोडीने लिहायला परवानगी दिली. नियम सलानेताने घातला — दोघांनी तपासल्याशिवाय कुठल्याही आकड्यापुढे खूण करायची नाही.

कसावाच्या कंदाचे तळलेले काप खात ते महिनाभर आकडे लावत राहिले. एका विद्यार्थ्यामागचा तुवालूचा खर्च किरिबातीपेक्षा कितीतरी जास्त येत होता.

"महागडी माणसं तुम्ही," बाउरो चिडवायचा. "मागणी घालायचीसुद्धा भीती वाटते."

ती मान खाली घालून बेरीज करत राहायची. कान मात्र गरम व्हायचे. पण तो आकडा तिला टोचत होता. तिच्या बेटावरच्या शाळेत एकच बाई दोन फळ्यांमध्ये उभ्या राहून दोन वर्ग शिकवायच्या. मग एवढा खर्च जात होता कुठे?

एका दुपारी चूक सापडली. परदेशी शिष्यवृत्त्या खर्चात धरल्या होत्या, पण भागताना फक्त बेटांवरच्या शाळांतली मुलं मोजली होती. किरिबातीच्या तक्त्यातही तेच झालं होतं. फक्त तिथे बेटांवरची मुलंच इतकी जास्त की फरक जाणवला नव्हता.

"म्हणजे खर्चात आपण दोघं आहोत," ती हळूच म्हणाली, "आणि पटावर नाही."

बाउरो हसला नाही. दोघांनी सगळे भागाकार पुन्हा केले. तुवालूचा आकडा खाली आला, पुढे दोन खुणा झाल्या. सलानेताच्या मनातलं ओझं मात्र हललं नाही. ती इथे आली त्या वर्षी तिच्या बेटाच्या वाट्याला एकच शिष्यवृत्ती आली होती. चार गुणांनी ती तिला मिळाली आणि तिची चुलतबहीण वालिसी घरीच राहिली. बंधपत्रात लिहिलं होतं: तीन वर्षं शिक्षण, मग तीन वर्षं आपल्याच देशात शिकवायचं. बाउरोच्या बंधपत्रातही तेच होतं.

शेवटच्या आठवड्यात, ग्रंथालयाच्या पडवीत, तो म्हणाला, "मी बंधपत्र मोडतो. तुझ्याबरोबर तुवालूला, फुनाफुतीला येतो... विचार केलाय मी."

हो म्हणावं असं तिला इतकं वाटलं, की तिने पडवीचा खांब धरला.

"तू इथे आलास, तेव्हा कुणाची जागा गेली?"

तो पागोळ्यांकडे वळला. "शेजारच्या मुलीची. गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं यायचं."

"मग मी तुला ये कसं म्हणू, बाउरो?"

त्याने खांबावरचा तिचा हात हातात घेतला. पाऊस थांबेपर्यंत सोडला नाही.

विमानतळावर त्याने स्वतः गुंफलेलं फुलांचं कडं तिच्या डोक्यावर ठेवलं. बोटं तिच्या कानापाशी क्षणभर रेंगाळली. मग त्याने प्रकल्पाचं शेवटचं पान पुढे केलं. तक्त्याखाली दोन तळटिपा छापलेल्या होत्या. तिसरी पेन्सिलीने लिहिली होती: 'तीन वर्षांनी शिक्षकांच्या रकान्यात किरिबातीतून एक वजा, तुवालूत एक अधिक.'

"हा आकडा मी एकट्याने मांडलाय," तो म्हणाला. "तपासायचा राहिलाय. चुकला असेल, तर..."

विमानाची घोषणा झाली. सलानेताने त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, ती ओळ सावकाश, पुन्हा एकदा वाचली — आणि तिच्यापुढे खूण केली.