दुकानी उजेडातली आई

शाल्मली गावंडेला एक गोष्ट काही केल्या उमगत नव्हती. तिच्या आईच्या कोटाला बटणं होती की नव्हती?

आई होती चंद्रावर. तिथल्या तळावर बर्फापासून पाणी काढणारी यंत्रं सांभाळायला ती सहा महिन्यांसाठी गेली होती. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता अकोल्याच्या घरातल्या भल्यामोठ्या टीव्हीवर ती दिसायची, बोलायची. गेल्या रविवारी तिने कोटाची कड पुढे धरून सांगितलं होतं, "हे बघ शालू, तुझ्या जुन्या फ्रॉकचं निळं बटण लावलंय मी." शाल्मलीने डोळे फाडफाडून पाहिलं. गळ्याखाली नुसता काळा गोळा! बटण नाही, खिसा नाही, बाही कुठे संपते तेही कळेना. तरी ती म्हणाली, "छान दिसतंय हं."

असलं खोटं बोलायची तिला आताशा सवयच झाली होती. "मी मजेत आहे" हे एक. "बाबा मस्त स्वयंपाक करतात" हे दुसरं. बाबा बिचारे शाळेत शिकवून यायचे, वरण शिजेपर्यंत ओट्याला टेकून पेंगायचे आणि वरण करपायचं. सहा महिन्यांत दोघांचाही पार पिट्टा पडला होता. त्यात आईला आणखी सहा महिने थांबण्याबद्दल विचारणा झाली होती. शालू हो म्हणाली तरच थांबेन, असं आईने कळवलं होतं, आणि आज सहा वाजता तिला उत्तर द्यायचं होतं.

"चंद्र मानवलाय गं तिला," बाबा म्हणाले. "केवढी टवटवीत दिसते! आपण कशाला मोडता घालायचा?"

झालं, ठरलं. आज "हो, थांब" म्हणायचं. शाल्मलीला त्या दोन शब्दांचा आधीच कंटाळा आला होता. निदान ते बटण तरी दिसू दे, म्हणून तिने टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.

दुपारी तीनच्या रणरणत्या उन्हात खुडबुडेकाका आले. हे यंत्रमानव होते. आता तुम्ही म्हणाल, यंत्राला कसला आलाय थकवा! अहो, पंधरा वर्षं लोकांचे जिने चढून बघा, मग बोला. त्यांचं एक चाक करकरत होतं आणि बॅटरी निम्म्यावर आली होती.

"आजचं हे नववं घर," ते भिंतीला टेकत म्हणाले. "बोला बाई, काय मोडलंय?"

"मोडलं काहीच नाही. आईचं बटण दिसत नाही."

"वा! आता बटणं शोधायचीच राहिली होती."

ऊन थेट टीव्हीवर येत होतं, म्हणून त्यांनी आधी खिडकीचा पडदा ओढायला लावला. बाबा आत झोपले होते. शाल्मलीने गेल्या रविवारचं आईचं बोलणं लावलं आणि कोटाची कड पुढे येताच चित्र थांबवलं.

"दुकानातून आणला तसाच ठेवलाय ना?" काका म्हणाले. "मला वाटलंच. दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले असतात, वर दिव्यांचा लखलखाट. ज्याचं चित्र जास्त भडक, त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतं. म्हणून हा असा नटवून ठेवतात. आम्ही याला दुकानी मांडणी म्हणतो (दुकानाच्या उजेडात उठून दिसावं म्हणून भडक केलेलं चित्र). घरी आणल्यावर ती बदलायची असते, पण बदलतंय कोण! साडी घेताना मात्र हीच माणसं दुकानाच्या पायरीवर जाऊन उन्हात रंग बघतात."

"मग बदला ना, काका."

"मी? माझ्या डोळ्यातली रंग ओळखणारी काच गेल्या वर्षीच बाद झाली. नवी मागून मागून दमलो. तूच कर, मी सांगतो. घे रिमोट. आधी ब्राइटनेस वाढव."

"ब्राइटनेस म्हणजे उजेड ना?"

"नावावर जाऊ नकोस. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! ब्राइटनेस (चित्रातलं काळं किती काळं असावं ते ठरवणारा आकडा) खरं तर अंधाराचं काम बघतो. तो फार कमी असला की गडद निळा, गडद तपकिरी, सावल्या, सगळे एकाच काळ्यात ढकलले जातात. एकेक आकडा वर ने. कोटाच्या घड्या दिसल्या की थांब. त्याच्या पुढे गेलीस तर काळ्यावर राख फासल्यासारखं होईल."

शाल्मली बटण दाबत गेली. काळ्या गोळ्यातून आधी बाही निघाली, मग खिसा, आणि मग बटण!

"दिसलं!" तिने उडीच मारली. मग ती टीव्हीजवळ सरकली. कोट आईच्या अंगावर लोंबत होता. खांद्याची शिवण अर्ध्या दंडापर्यंत उतरली होती. जाताना तोच कोट तिला अगदी मापात बसला होता.

"आता कॉन्ट्रास्ट कमी कर (पांढरं किती लख्ख असावं ते ठरवणारा आकडा)," काका म्हणाले. "काळ्यात झालं तेच इकडे पांढऱ्यात होतं. फार लख्ख केलं की सगळ्या उजळ छटा एका पांढऱ्यात विरघळतात. आईचं कपाळ बघ, कपाळ आहे की बल्ब?"

कॉन्ट्रास्ट उतरला तसं कपाळ कपाळासारखं झालं. त्यावर दोन आडव्या रेषा होत्या.

"आता रंग. तुझा हात टीव्हीच्या पडद्याशेजारी धर. तुझा रंग आईवर गेलाय ना? मग दोन्ही कातड्या एका घरातल्या वाटेपर्यंत रंग उतरव. आणि एक कोरा कागद धर. पडद्यावरचं पांढरं त्यापेक्षा निळसर दिसतंय? निळसर पांढरं डोळ्यांना जास्त लख्ख वाटतं, म्हणून ठेवतात तसं. छटा जरा उबदार कर."

आईचे लालचुटुक ओठ फिके झाले.

"शेवटचं. ती डागपुसणी बंद कर (चित्रातली बारीक खरखर घासून गुळगुळीत करणारी सोय). तिला डाग कुठला आणि सुरकुती कुठली हे कळत नाही. सरसकट पुसते."

शाल्मलीने ती बंद केली. आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"काका, तुम्ही चित्र बिघडवलंत!" ती ओरडली.

"नाही गं. टीव्ही आता पदरचं काही घालत नाही, एवढंच. काय दिसतंय? मला धड दिसत नाही, तू सांग."

"आई खूप दमलीये."

खुडबुडेकाकांनी करकरतं चाक दाराकडे वळवलं. ते निघाले तेव्हा शाल्मलीने विचारलं, "काका, तुम्हीपण दमलात का?"

"पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं," ते म्हणाले. "हो, दमलोय." आणि करकरत दहाव्या घराकडे गेले.

सहा वाजले. बाबा तोंड धुऊन येऊन बसले आणि आई पडद्यावर आली.

"काय मंडळी! मी एकदम मजेत. मग काय ठरलं? थांबू ना?"

"हो, अगं तू तर..." बाबांनी पडद्याकडे नीट पाहिलं आणि ते पुढे सरकून बसले.

शाल्मलीचं उत्तर पाठ होतं. ते तिने सोडून दिलं.

"आई, तू दमली आहेस," ती म्हणाली.

हा आवाज चंद्रावर पोहोचायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला आणखी सव्वा. अडीच सेकंद झाले. पाच झाले. दहा झाले. आईने अंगावरचा कोट सावरला.

"कोण म्हणतं?"

"दिसतंय मला. आणि आम्हीपण दमलोय. बाबा रोज वरण करपवतात. मी मजेत नाहीये, आई, मुळीच नाहीये."

आईने लोंबत्या बाहीने डोळे पुसले. "मला वाटलं, तुमचं छान चाललंय. मी नसले तरी तुमचं काही अडत नाही."

"आणि आम्हाला वाटलं, तुला तिकडेच बरं वाटतंय," बाबा कसेबसे म्हणाले.

"सत्तावीस तारखेला यान निघतंय. सांगते त्यांना, जागा धरा माझी." आईने मोठा श्वास सोडला. "चंद्र कुठे पळून जातोय? ताजीतवानी झाले की पुन्हा येईन, आणि त्या वेळी शालूलाही चंद्र दाखवायला घेऊन येईन. पण घरी आल्यावर आधी मला आठ दिवस कोणी उठवायचं नाही."

"आठ कशाला, दहा दिवस झोप," शाल्मली म्हणाली. "आम्हीपण झोपतो तुझ्याशेजारी."