न पडलेला तुकडा

फळ्या कापायची गोल पात्याची मशीन हातात घेण्याआधी सुतारबाईंचे सोपस्कार ठरलेले असत. अंगठी काढून खिशात. केस टोपीखाली. बाह्या कोपराच्या वर. मग चष्मा, मग कानात बोळे. मशीनची पिन बोर्डातून काढलेली आहे ना, हे डोळ्यांनी बघून पुन्हा हातानं चाचपायचं आणि तेव्हा कुठे पात्याला हात लावायचा. पात्यावर आपोआप येऊन बसणारं खालचं झाकण बोटानं मागे ओढून सोडायचं. खटकन परत आलं तर ठीक, नाहीतर मशीन आज बंद. पातं फळीच्या जाडीपेक्षा नखभरच जास्त उतरवायचं. बघणाऱ्याला वाटावं, बाई फळी कापतेय की कुणाचं ऑपरेशन करतेय!

"एवढ्या वेळात माझं कपाट होऊन जातं," असं एकदा एक जोडीदार सुतार म्हणाला होता.

"होतं ना," सुतारबाई म्हणाल्या, "पण त्याला मुठी लावायला बोटं उरायला हवीत."

त्यांचा आणखी एक नियम होता आणि त्यावरून त्यांची कुणाशीच जोडी जमली नव्हती. कापताना फळीचं दुसरं टोक कुणी धरायचं नाही. अजिबात नाही. माणसाची जात अशी, की एखादी गोष्ट पडायला लागली की हात आपोआप पुढे होतो. फळीचा तुकडा सुटायला आला, की मदतनीस बिचारा चांगल्या मनानं तो खालून उचलून धरतो. आणि तिथेच माशी शिंकते. तुकडा आपल्या वजनानं खाली झुकला तर चीर उघडते. खालून उचलला तर चीर मिटते आणि फिरतं पातं दोन्ही बाजूंनी आवळते. मग मशीन उसळून मागे येते, कापणाऱ्याच्या अंगावर. सुतारबाईंच्या उस्तादांची मांडी अशीच गेली होती, सख्ख्या भावाच्या मदतीनं. तेव्हापासून त्या एकट्या काम करत. मदत नको बाबा, मदतीनंच माणसं मरतात, असं त्या सरळ तोंडावर सांगत.

आजचं काम गिऱ्हाइकाचं नव्हतं, घरचं होतं. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि आता चाकाची खुर्ची कायमची झाली होती. जिना नको म्हणून सुतारबाईंनी मुद्दाम ही तळमजल्याची जागा भाड्यानं घेतली, पलंग आणला, न्हाणीघरात दांडे ठोकले. सगळं झालं आणि घोडं अडलं ते दारातच. दाराला पायऱ्या होत्या.

"ताई, हट्ट पुरे," धाकटा भाऊ सकाळीच फोनवर म्हणाला. "त्या वृद्धाश्रमात लिफ्ट आहे, नर्स आहे, डॉक्टर आहे. आज संध्याकाळी दवाखान्यातून सोडतायत. मी गाडी तिकडेच नेतो."

"इथे आण."

"आणि पायऱ्या? उचलून नेऊ? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? पुन्हा एकदा पडली तर संपलं."

"संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर लाकडी उतार तयार असेल."

"आणि नसला तर?"

"नसला तर ने तिकडे. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

बोलून तर बसल्या. मग फोनमध्ये मागून आईचा आवाज आला, "भांडू नका रे. मला काय, कुठंही टाका." त्या 'टाका' शब्दानं सुतारबाईंच्या काळजात चर्रर्र झालं. फोन ठेवून त्यांनी पदर नव्हता तरी पदर खोचल्यासारखी कंबर कसली आणि प्लाय बाहेर काढला.

दारासमोर गाडी लावायची मोकळी जागा होती. स्वच्छ फरशी, भरपूर उजेड, वरच्या मजल्यावरून शिवणयंत्राची घरघर. तिथे शिवणाऱ्या काकू राहायच्या. सुतारबाईंनी फळी टेकवायच्या लाकडी घोड्या मांडल्या, वर फळी टाकली, आपल्याकडची बाजू शिकंज्यांनी आवळली, कापून सुटणारी बाजू मोकळी ठेवली. वायर खांद्यावरून मागे टाकली. कापाच्या रेषेच्या थोडं बाजूला उभं राहून, दोन्ही हातांनी मशीन धरून, पहिला काप घेतला.

काप संपला. बटण सोडलं, पातं थांबेपर्यंत वाट बघितली. आणि मग लक्षात आलं, की काहीतरी राहून गेलं.

तुकडा पडल्याचा धप्पकन हादरा पायांना जाणवला नव्हता. कानात बोळे असले तरी तो तळव्यांना कळतो. सुताराला त्याची इतकी सवय असते, की जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं झालं. त्यांनी वाकून बघितलं. तुकडा फरशीवर होता. आडवा, सरळ, चांगली बाजू वर. पडलेला वाटत नव्हता, ठेवलेला वाटत होता.

"असेल," सुतारबाई म्हणाल्या.

दुसऱ्या कापाला त्यांनी तिरक्या नजरेनं लक्ष ठेवलं. शेवटचं सूत तुटलं. तुकडा सुटला. आणि हवेत राहिला. क्षणभरच. मग गुडघे दुखणारं म्हातारं माणूस बसतं तसा, सावकाश, खाली गेला आणि पहिल्या तुकड्यावर कडेला कड लावून टेकला.

सुतारबाई जागच्या हलल्या नाहीत. मशीन बंद, पिन बाहेर. मग घोड्यांखाली हात फिरवला, पाय फिरवला. काही नव्हतं. फरशी, भुसा, ऊन. भुशावर कुणाचा पाय उमटलेला नव्हता. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे आपला आळस, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी फळीला डिंक चिकटलाय का बघितलं, घोड्यांत खिळा राहिलाय का बघितलं, वारा बघितला. दुपार चढत होती. बघत बसायला वेळ नव्हता.

तिसरी फळी मोठी, उताराच्या वरच्या पाटाची. तीच खरी महत्त्वाची. काप निम्म्यावर आला आणि मशीनचा आवाज बदलला. जड झाला, घोगरा झाला. पुढची चीर त्यांच्या डोळ्यांदेखत मिटत चालली होती. मोकळी बाजू खाली झुकायच्या ऐवजी वर येत होती.

मशीन उसळली.

दोन्ही हातांनी धरलेली होती म्हणून हातात राहिली. बाजूला उभ्या होत्या म्हणून अंगाजवळून गेली. झाकण खटकन बसलं. सुतारबाईंच्या शर्टाला कमरेपाशी एक ओरखडा गेला, कापडावरच. बोट बटणावरून सुटलेलं होतं आणि पातं थांबेपर्यंत त्या श्वासही न घेता उभ्या राहिल्या.

मग चीर बघितली. कागद जाणार नाही इतकी घट्ट. त्यांनी लाकडाची पाचर घेऊन चिरेत हातोडीनं ठोकली. पाचर आत गेली, थांबली आणि हळूहळू परत वर आली.

"सोड," सुतारबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "ऐकू येत नाही? सोड म्हणते ना!"

मोकळी बाजू धाडकन खाली आली. घोड्या हलल्या.

अंगावर सर्रकन काटा आला तो तेव्हा. ऐकत नव्हतं तोवर त्यांना राग होता. ऐकलं, तेव्हा भीती वाटली.

वरचं शिवणयंत्र थांबलं. काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. "काय हो, कुणावर ओरडताय?"

"मशीनवर."

"मशीन ऐकते वाटतं?"

"ऐकते," सुतारबाई म्हणाल्या. "काकू, या जागेत आधी कोण राहायचं?"

"कुणी नाही. तुम्हीच पहिल्या. नवी इमारत आहे ना." काकूंनी जरा वेळ खाली बघितलं. "घामानं निथळताय. कुणालातरी धरायला बोलवा की."

"नको," त्या इतक्या जोरात म्हणाल्या, की काकूंनी खिडकी लावून घेतली.

सुतारबाई पायरीवर बसल्या. पाणी प्यायल्या. उठून जावं, भावाला फोन करावा, ने म्हणावं तिकडे. तो काही वाईट नव्हता, बिचारा घाबरलेला होता. आईही काही म्हणणार नाही. ती तिकडच्या पलंगावर पडून छताकडे बघत सगळ्यांना 'छान आहे हो' म्हणेल. मरेपर्यंत 'छान आहे' म्हणेल. सुतारबाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि राग आला तसं डोकं चालायला लागलं.

नाही म्हणजे नाही. हे जे काय आहे ते खालून धरतं. धरायला त्याला खाली जागा लागते. मग जागाच दिली नाही तर?

आईचा नवा पलंग थर्माकोलच्या जाड पट्ट्यांत बांधून आला होता. त्यांनी त्या सगळ्या पट्ट्या आणून फरशीवर एकमेकींना चिकटून पसरल्या, बोटभरही फट न ठेवता. त्यावर फळी सपाट टाकली. ही बाजूही टेकलेली, ती बाजूही टेकलेली. पात्याची खोली पुन्हा मोजली. फळी कापून थर्माकोलला नुसतं ओरबाडेल इतकीच.

"हं," त्या फरशीला म्हणाल्या. "आता धर बघू काय धरतोस ते."

गुडघे टेकून काप घेतला. मशीन लोण्यातून जावी तशी गेली. चीर मिटली नाही, आवाज बदलला नाही. तुकडा जिथल्या तिथे पडून राहिला, निर्जीव लाकडासारखा. सुतारबाईंना हसू फुटलं. पुढचे सगळे काप त्यांनी तसेच घेतले. मध्ये एकदा थर्माकोल खालून कुरकुरल्यासारखा झाला. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

ऊन कललं तोवर चौकट जुळली होती. दोन लांब तिरक्या तुळया, मध्ये आडवे दांडे, वर तो पाट. स्क्रू पाटात बुडेपर्यंत आवळले, चाकं अडायला नकोत म्हणून. कडेला पट्ट्या मारल्या. उतार उंबऱ्याला नेऊन भिडवला तेव्हा केसही जाणार नाही असा बसला. त्यांनी स्वतः वर चढून मधोमध उड्या मारून बघितल्या. नवा प्लाय जरासा लवला, करकरला, जसा लवावा आणि करकरावा तसा. त्यांनी समाधानानं पाटावर थाप मारली, थर्माकोलचे तुकडे गोळा केले, भुसा झाडला. झाडताना उताराखालचा काळोखा पोकळ भाग दिसला. चांगली ऐसपैस जागा झाली होती.

गाडी आली. भाऊ उतरला, उतार बघितला, पायानं दाबून बघितला आणि आईला खुर्चीत बसवलं. आई आजारपणानं एवढीशी झाली होती.

"सुतारपक्ष्या, हे तू एकटीनं केलंस?" तिनं विचारलं. लहानपणीचं नाव होतं ते.

"एकटीनंच," सुतारबाई म्हणाल्या.

भावानं खुर्ची ढकलायला सुरुवात केली. सुतारबाई खाली बाजूला उभ्या राहिल्या, कान देऊन. चाकं पाटावर चढली. एवढं वजन, खुर्ची, आई, भाऊ. प्लाय करकरायला हवा होता.

करकरला नाही.

"अरे, ही तर हलकी चाललीय," भाऊ म्हणाला. "ढकलावीसुद्धा लागत नाही."

"थांब जरा," मध्यावर आई म्हणाली. "इथेच थांब. किती बरं वाटतंय इथे."

तो थांबला. मग त्यानं दांड्यांवरून हात काढले. उतारावर, ब्रेक न लावता. सुतारबाईंच्या तोंडातून किंकाळी निघणार होती, पण खुर्ची तसूभरही हलली नाही.

"बघ ताई! हात सोडले तरी जागची हलत नाही. काय काम केलंयस!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हरलो मी. आई इथेच राहील. आता तिला इथून कुणी नेत नाही."

हेच ऐकायला दिवसभर जीव टांगणीला लावला होता. सुतारबाईंनी ते ऐकलं. पण त्या खाली वाकल्या होत्या, पाटाच्या कडेला डोळा लावून.

पाट आणि तुळई यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ होती. दुपारी त्यांनीच आवळून बसवलेल्या जागी. स्क्रूंची डोकी पाटातून वर आली होती.

"अगंबाई," आई वर हसत म्हणाली, लहान मुलीसारखी. "कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटतंय गं."

रेघ सलग नव्हती. मधोमध, खुर्चीच्या बरोबर खाली, ती चार ठिकाणी शेजारीशेजारी काळी होती, बोटभर रुंदीची.

आणि रेघ हळूहळू रुंद होत होती.