मागचं बटण

न्हावरे फाट्यावरच्या आमच्या दुकानात ट्रॅक्टर येतात, पिकअप येतात आणि त्यांच्यासोबत शंकाही येतात. "वायरिंगवाला कुठाय?" हा प्रश्न मला दिवसातून चारदा तरी ऐकावा लागतो. मीच, असं सांगितलं की माणूस आधी माझ्याकडे, मग पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघतो. वडिलांचे, आबांचे, गुडघे गेल्यापासून तीन वर्षं दुकान मीच चालवते. पाटीवर माझ्याच नावाने 'प्रतिभा ऑटो इलेक्ट्रिकल' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, तरी लोकांना खात्री वाटत नाही.

तो मात्र आला आणि सरळ माझ्याशीच बोलला.

"मागं दिवं दोन, बटणं दोन. जमंल का तुम्हाला?"

जमेल का म्हणे. मी मानही वर केली नाही. "चार बटणं लावली तरी जमंल. काम सांगा."

त्याचं नाव स्वराज, गाव यवत. ट्रॅक्टरमागे मूरघासाची कुट्टी मशीन ओढत गावोगाव फिरायचं आणि शेतातला मका गुरांच्या चाऱ्यासाठी बारीक करून द्यायचा, हा बापलेकांचा धंदा. पुढे स्टिअरिंगवर हा, मागे मशीनपाशी वडील. मागचे दिवे दोघांनाही आपापल्या जागेवरून लावता यायला हवे होते. शिवाय इंजिन बंद करून पाती साफ करतानाही ते जळायला हवे होते. मी बॅटरीवरून थेट वायर घेतली, रिले बसवला, एक बटण त्याच्या हाताशी दिलं, एक मागे मशीनवर. कोणतंही दाबा, दिवे लागतात. तो शेजारी उभा राहून वायर धरत होता. दोनदा बोटाला बोट लागलं, दोनदा दोघांनीही "सॉरी" म्हटलं... तिसऱ्यांदा कुणीच म्हटलं नाही.

जाताना त्याने नंबर मागितला. काही बिघडलं तर लागेल म्हणाला.

"माझं काम बिघडत न्हाई."

"मंग तर अवघडच हाय," असं म्हणून तो हसला.

मी नंबर दिला. आणि नंतर दिवसभर स्वतःवरच चिडले, कारण माझी दोन स्थळं एकाच प्रश्नावर मोडली होती. लग्नानंतर दुकान बंद करणार ना? दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. आता तिसऱ्यांदा मोडलं तर ते मला सोसणार नव्हतं, कारण हा मला आवडला होता.

पाचव्या दिवशी फोन आला. केडगावच्या शेतात ट्रॅक्टर बंद पडला होता, बॅटरी पार उतरली होती आणि गोठेवाला खोळंबला होता. स्वराज बिचारा जपून बोलत होता, पण मागून त्याच्या वडिलांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "तरी म्हणलं हुतं, बाईमाणसाला हे काम देऊ नगं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हत्यारांची पिशवी स्कूटीला अडकवली आणि पारगावचा पूल ओलांडला.

गेल्या गेल्या कारण सापडलं. पहाटे धुकं होतं म्हणून वडिलांनी मागच्या बटणाने दिवे लावले होते. ऊन पडल्यावर स्वराजने पुढचं बटण बंद आहे एवढं बघितलं आणि ट्रॅक्टर उभा केला. मागचं बटण चालूच होतं, आणि उन्हात जळणारे दिवे कुणाला दिसणार? स्वराजने वडिलांकडे बघितलं. त्यांनी, म्हणजे रखमाजी मामांनी, मान फिरवली. दोष त्यांच्यावर ढकलणं अगदी सोपं होतं.

"चूक माझी हाय, मामा," मी म्हणाले. "एक बटण बंद केल्यावर दिवं इझायला पायजे हुतं. लावायचं तेवढं बघितलं मी, इझवायचं इचारलंच न्हाई."

मग सगळं उकलून जिन्यातल्या दिव्यासारखं वायरिंग केलं, खालून लावा, वरून विझवा. दोन्ही बटणांशेजारी छोटे लाल दिवेही बसवले, म्हणजे मागचे दिवे चालू आहेत हे उन्हातही कळेल. मामा सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होते. काम झाल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा दोन्ही बटणांना लावला आणि तसाच माझ्या कपाळाला लावला.

स्कूटीपर्यंत सोडायला आलेल्या स्वराजचे कान लाल झाले होते.

"आमचं तात्या कुणालाबी भंडारा लावत न्हाईत."

"मंग कुणाला लावतात?"

"मशीनीला... आन् घरच्या माणसांला." तो थांबला. "रविवारी घरी येऊ का? रीतसर बघायला?"

"घरी न्हाई. दुकानात या. मला बघायचं तर तिथंच बघा."

रविवारी बापलेक दुकानात आले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. आई कपाळाला आठ्या घालून तिथेच पोहे घेऊन आली. आबा बाकावर सरकून बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मामांनी घसा खाकरला.

"पोरी, दुकानाबद्दल एक इचारायचं हुतं."

आला तो प्रश्न. आई डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगत होती. मी हातातली पकड घट्ट धरली. "इचारा."

"सकाळी किती वाजता उघडतीस?"

"...नऊला."

मामा लेकाकडे वळले. "मंग यवतवरनं हिला आठला निघाया लागंल. तुझ्या आईला सांग, डबा त्याच्या आत झाला पायजे."

स्वराजच्या हातातला चमचा बशीतच राहिला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. पकड खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला पोरगा पसंत हाय."

पसंती आधी मुलाकडच्यांनी कळवायची असते, असं आईने नंतर मला चांगलं बजावलं. पण तोवर आबांनी पेढे मागवले होते.