चिमूटभर मिश्री

तेर गावाच्या अलीकडं एक छोटा दवाखाना आहे. एका तिन्हीसांजेला तिथल्या शिवगंगा सिस्टर कापूस आणायला म्हणून मागच्या जुन्या बाळंतखोलीकडं निघाल्या. निदान राजेश्वरी डॉक्टरांना तरी त्यांनी तसंच सांगितलं.

खरी गोष्ट वेगळी होती. दवाखान्यातल्यांनी आधी स्वतःचं व्यसन सोडायचं, मग रोग्यांचं सोडवायचं, असं प्रशिक्षण चालू होतं. सिस्टरांनी पंधरवडाभर तंबाखूच्या मिश्रीला बोट लावलं नव्हतं. उद्यापासून गावातल्या बायकांना त्याच समजावणार होत्या.

"सिस्टर, तुमचेच दात काळे दिसले तर तुमचं ऐकंल कोण?" डॉक्टर म्हणाल्या होत्या.

पण बाळंतखोलीच्या कपाटात एक डबी राहिली होती, आणि ती दुपारपासून हाका मारत होती.

खोलीत दिवा नव्हता. ओल्या भिंतींचा वास, फिनेलचा वास... आणि त्यातून हळूहळू वर येणारा भाजक्या मिश्रीचा वास. सिस्टरांनी डबी उघडली. बोट बुडवणार, तोच कानाशी कुणीतरी कुजबुजलं.

"मला बी दे की गं... चिमूटभर."

हा आवाज सारजाबाई दाईचा. ती वारून तीन वर्षं झाली होती. तिला अंघोळ घालताना बायकांनी किती घासलं, पण बोटाला मिश्रीनं चढलेला काळा रंग काही गेला नव्हता.

"म्या... म्या सोडलीय, मावशी."

"व्हय? मग हातात काय हाय, इभूत?"

भीतीनं दुसरं काही सुचेना. प्रशिक्षणातलं पाठ केलेलं तेवढं घडाघडा बाहेर पडलं. "तलफ घटकाभरच राहती, मावशी. लांब श्वास घ्या..."



"श्वास कुठून घिऊ, बाई?"

"मग... मग पाणी प्या!"

सिस्टरांनी जवळची बाटली पुढं केली. ती कुणीतरी अलगद घेतली. गटागटा आवाज झाला. पाठोपाठ ढेकर. बाटली परत हातात आली.

"गेली की गं तलफ! लई गुणाची हायस. उद्या येते."

सिस्टरांनी डबी खिडकीतून नालीत उपडी केली आणि त्या धूम पळाल्या. कापूस राहिलाच. रिकामी बाटली मात्र हातात होती, आणि तिच्यावर एक काळं बोट उमटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या बैठकीला बायका दाटीवाटीनं बसल्या, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणी बसेना.

"तिथं कुणीतरी हाय वाटतं," त्यांतली नागम्मा म्हणाली.

सिस्टरांनी त्या खुर्चीपुढं पाण्याचा पेला ठेवला.

आता दर आठवड्याला ठेवतात. बायका उठून गेल्या की पेला रिकामा असतो. काठावर बोटाचा ठसा असतो.

दर वेळी जरासा फिका.