छातीच्या उंचीवरची ओळ

सोमवारी देसिस्लावाची नोकरी जाणार होती. द्रेनोवित्साच्या चर्चमध्ये सातशे वर्षांपूर्वीच्या भाविकांनी दगडात कोरलेल्या ओळी ती अकरा उन्हाळे मोठ्याने वाचत आली होती. या सप्टेंबरात सापडलेली नवी ओळ बनावट निघाली आणि तिच्या संशोधन संस्थेने तिच्याकडेच बोट दाखवलं.

म्हणून तिने खासगी गुप्तहेर राडा काल्चेवाला आणलं. गाडी राडाचा दीर मिंको चालवत होता.

"वहिनी, इथं कुत्रंसुद्धा भुंकत नाही."

"भुंकणार कुणावर? गावात तिघं उरलेत, त्यातल्या दोघी अंथरुणाला खिळलेल्या."

जुन्या ओळी वाचायला राडाला गुडघे टेकावे लागले.

"इतक्या खाली?"

"शंभर वर्षांपूर्वी दीड हात भराव घालून फरशी उचलली," देसिस्लावा म्हणाली. "माझ्या पहिल्याच लेखात आहे ते."

नवी ओळ राडाच्या छातीशी होती. तिने ओला रुमाल फिरवला. रुमालावर तपकिरी डाग पडला.

फादर क्लिमेंट घड्याळ बघत दारातच उभे होते. "सहा गावं सांभाळतो मी. ईस्टरनंतर आज येतोय. किल्ली स्तोइलकडे असते."

"खरंय," राखणदार स्तोइल आजोबा अंगणातून म्हणाले. ते अक्रोडांची हिरवी सालं सोलत होते. "बसा. कॉफी ठेवलीय. एकट्यापुरती मला जमतच नाही."

"आजोबा, बोटं कोळशात घातली होती का?" मिंकोने विचारलं.

"अक्रोड आहे बाबा. धुऊन जात नाही, झिजूनच जातो."

मिंको कुजबुजला, "वहिनी, फादरच. सगळ्यांत घाई त्यांनाच."

"घाई म्हणजे गुन्हा असता तर तू जन्मभर निर्दोष," राडा म्हणाली आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

"उभा माणूस छातीच्या उंचीवर कोरतो. जुन्या फरशीवरून ही ओळ डोक्याच्याही वर कोरावी लागली असती. देसिस्लावाकडून ही चूक होणार नाही. रेघा जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांत अक्रोडाच्या सालीचा रस भरलाय. ओली सालं आत्ताच मिळतात, आणि फादर ईस्टरपासून इकडे फिरकलेले नाहीत."

सगळ्यांची नजर स्तोइल आजोबांच्या बोटांकडे गेली. फादरांनी मान खाली घातली.

"सगळ्या ओळी वाचून झाल्या, असं म्हणालीस तू," स्तोइल आजोबा देसिस्लावाला म्हणाले. "मग पुढच्या उन्हाळ्यात कशाला आली असतीस, पोरी?"

देसिस्लावा त्यांच्या शेजारी बसली.

"मला तुमचं नाव संस्थेला लिहून द्यावं लागेल, आजोबा."

"दे." त्यांनी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. "तिथं कुणी मोठ्याने वाचेल का गं ते?"